गाडीची वायर कुरतडली? आधी टिनाखाली काय ठेवलंय ते बघा

दिवाळीच्या आसपास आपल्या विदर्भातल्या गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागतात. सेल्फ लागतो पण गाडी सुरू होत नाही, चेक इंजिनचा दिवा लागलाय, एसी लावला की घाण वास येतो. बोनेट उघडलं की बॅटरीच्या ट्रेवर लेंड्या, आणि एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचा बोळा. त्या बोळ्यात सरकी पोखरलेली दिसली, तर उंदीर कुठून आला हे विचारायची गरजच नाही. तो आपल्याच घरातल्या कापसाच्या गंजीतून आला.

सोयाबीन निघालं की शेतातला उंदीर धुरा, म्हणजे बांध, सोडून गावाकडे सरकतो. भंडारा-गोंदियाकडे हेच धान कापल्यावर होतं. तोवर घरात सोयाबीनची पोती आणि भावाची वाट बघत मार्चपर्यंत पडून राहणारा कापूस. गोठ्यात सरकीची ढेप, बाजूला कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग, टिनाच्या मागे पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, गंजी. या सगळ्याच्या मधोमध आपण रात्री गरम इंजिनची गाडी लावतो. डिसेंबरच्या थंडीत उंदराला बंद, अंधारी, उबदार खोली याहून चांगली कुठे मिळणार? दुसरा हंगाम पावसाळ्यातला. बिळांत पाणी शिरलं की उंदीर कोरडी जागा शोधतो, आणि त्याच्या मागे धामण किंवा नागही येतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बोनेटखाली टॉर्च मारल्याशिवाय हात घालू नका.

वायरच का? उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर त्याला खाणं अशक्य होतं. वायरचं प्लास्टिक, रबरी पाइप, थर्माकोल, ठिबकची नळी, त्याला सगळं सारखंच. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांना ठिबकच्या लॅटरलचा अनुभव आहेच. ‘नव्या गाड्यांच्या वायरीत सोयाबीन असतं म्हणून उंदीर येतात’ हे आपल्या सोयाबीन पट्ट्यात फार आवडीने सांगितलं जातं. अमेरिकेत यावरून गाड्यांच्या कंपन्यांवर खटलेही झाले, पण त्या वायरीमुळेच उंदीर येतात हे काही सिद्ध झालं नाही. सोयाबीन नव्हतं तेव्हाही घरातली लाइटची वायर उंदीर खातच होते.

फरक पडलाय तो गाडीत. जुन्या डिझेल जीपला इंजिनवर मोजून चार-पाच वायरी. कुरतडल्या तर अर्ध्या तासात जोडून मोकळे. २०२० च्या एप्रिलपासून गाड्यांच्या धुराचे बीएस ६ नियम आले आणि सेन्सर वाढले. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन नियम लागले, त्यामुळे तिथेही कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणारी यंत्रणा) आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आले. आता केसाएवढी वायर तुटली तरी ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा.

कोणी खाल्लं ते ओळखा

तुटलेलं टोक हातात घ्या. उंदराने कापलेली वायर तिरकी, जवळजवळ चाकूने कापल्यासारखी असते, आणि प्लास्टिकवर शेजारी-शेजारी दोन बारीक खाचा दिसतात. कुत्र्याने चावलेलं रबर ताणलेलं, भोकं पडलेलं आणि लाळेने चिकट असतं. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे ३ ते ६ मिलिमीटर, असेल तर पिटुकला घरउंदीर. साधारण १२ मिलिमीटर असेल तर मोठा उंदीर. त्याहून जाड असेल आणि टिनाच्या कडेला मातीचा ढीग निघाला असेल तर घूस.

खार मात्र दिवसा काम करते. दुपारी कडुनिंबाखाली लावलेली गाडी कुरतडली जात असेल, तर रात्रीचे सगळे उपाय फुकट. तिचं घरटं बहुतेक एअर फिल्टरच्या डब्यात नाहीतर वायपरच्या जाळीखाली सापडतं, काथ्या आणि चिंध्यांचं.

कुत्र्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. पुढच्या चाकाच्या आतलं प्लास्टिक किंवा खालची पत्री फाडलेली दिसली की लोक कुत्र्याला दगड मारतात. पण कुत्रं बहुतेक वेळा आत बसलेल्या उंदराच्या किंवा मांजरीच्या मागे असतं. मडगार्ड चावणारं लहान पिल्लू वेगळं. आतलं प्लास्टिक ओढून फाडलं असेल तर आधी बोनेट उघडून बघा.

वानरांचा प्रकार निराळा. वायपरचं रबर ओढणं, दाराची बीडिंग उपसणं आणि आरशात दिसणाऱ्या दुसऱ्या वानराशी भांडणं. आरसे दुमडून त्यांवर जुन्या कापडी पिशव्या बांधा. टोळी गावात असेल ते चार दिवस वायपरचे ब्लेड काढून डिकीत टाका. बाकी त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

सुरू करण्याआधी काय बघायचं

पेट्रोलचा वास येत असेल तर चावी फिरवूच नका. इंधनाचा रबरी पाइप कुरतडलेला असू शकतो आणि एक ठिणगी पुरते. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओलं दिसतंय का बघा आणि ब्रेक ऑइलच्या डबीची पातळी बघा. ब्रेकचा होज खाल्ला गेला तर ते पॅडल दाबल्यावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. नुसता एबीएसचा दिवा लागला असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची केबल तपासा. काचेवर पाणी उडत नसेल तर बोनेटखालची बारीक नळी गेली आहे, ते काम किरकोळ. सेल्फ फिरतो पण इंजिन घेत नाही, यात क्रँक सेन्सरची वायर पहिली बघावी. इंजिन थरथरत, ओढ न देता चालत असेल तर इंजेक्टरच्या वायरी.

जोड कसा द्यायचा

गावातला इलेक्ट्रिशियन दोन टोकं पिळतो, वर काळी चिकटपट्टी गुंडाळतो आणि गाडी सुरू होते. मे महिन्यात ४५ डिग्रीला, वर इंजिनच्या उष्णतेत, त्या पट्टीचा डिंक वितळतो आणि पट्टी सुटते. मग पहिल्या पावसात आतलं तांबं हिरवं पडतं. हा बिघाड कधी येतो कधी जातो, आणि असा बिघाड शोधायची मजुरी जोडाच्या दहापट होते. म्हणून काम एकदाच करा आणि नीट करा.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. खाल्लेला भाग कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे या, कारण उंदराच्या मुतानेही तांबं काळं पडतं. नवा तुकडा गाडीच्याच वायरचा आणि तेवढ्याच जाडीचा घ्या. सेन्सरला साधारण अर्धा चौरस मिलिमीटर आणि हेडलाइटला दीड. घराच्या फिटिंगची वायर वापरू नका, तिच्या जाड तारा थरथरीत तुटतात. प्रत्येक टोकाचं ८ मिलिमीटर सोला, डिंकवाली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, आधीच वायरमध्ये ओवून ठेवा (हे विसरलं की सगळं पुन्हा), मग दोन्ही टोकं क्रिंप स्लीव्ह या धातूच्या छोट्या नळीत घालून पकडीने दाबा. झाळ मारायचीच असेल तर जोडाला पुढे आधार द्या, कारण झाळ जिथे संपते तिथे वायर कडक होऊन मोडते.

एका जुडग्यात पाच वायरी असतील तर पाचही जोड एका रेषेत नकोत. तीन-चार सेंटिमीटर पुढेमागे घ्या, म्हणजे जुडगं फुगत नाही आणि जोड एकमेकांना टेकत नाहीत. वरून कापडी हार्नेस टेप गुंडाळा, त्यावर चिरलेला कोरुगेटेड पाइप चढवा, आणि मूळच्या क्लिपांत बसवा. सायलेन्सरच्या बाजूने लोंबकळत सोडू नका.

तीन ठिकाणी सावध. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना जोड द्यायचा नाही, हार्नेस म्हणजे वायरींचं अख्खं जुडगंच बदलायचं. एकमेकींत पिळलेल्या दोन वायरी कॅन लाइनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या असतात. जोडल्यावर त्यांचा पीळ तसाच ठेवा, नाहीतर गाडी भलतेच कोड दाखवते. आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला झाळ कधीच मारू नका. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच मिळते, झाळेने ती वाट बंद होते. तिथे फक्त क्रिंप.

धुणं, जे कोणी करत नाही

नवा हार्नेस टाकला आणि तीन आठवड्यांत पुन्हा खाल्ला, ही तक्रार नेहमीची. कारण मुताचा वास तसाच राहिला. त्या वासावरून तोच उंदीर किंवा दुसरा बरोबर त्याच जागी येतो. दुरुस्तीनंतर इंजिनची जागा धुतलीच पाहिजे.

पण घरटं कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. वाळलेल्या लेंड्यांची धूळ नाकातोंडात जाते आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा, घरटं ब्लीचिंगच्या पातळ पाण्याने ओलं करून दहा मिनिटं थांबा, मग उचलून पिशवीत टाका. ब्लीचिंगचं पाणी घरट्यापुरतंच ठेवा, वायरींच्या कनेक्टरांवर जाऊ देऊ नका. नंतर फ्यूजबॉक्स, ईसीएम आणि अल्टरनेटरवर प्लास्टिक बांधून गाडीच्या शाम्पूच्या पाण्याने ब्रश मारा. प्रेशरचा फवारा इथे नको. केबिनचा एसी फिल्टर बदला, झटकून परत बसवू नका.

उपायांचा खरेपणा

तंबाखूची पानं बोनेटखाली बांधणं सगळीकडे चालतं. ताजी असतील तोवर थोडा फरक पडतो, आठ-दहा दिवसांत वास गेला की संपलं. डांबरगोळ्या आपल्या उन्हात उडून जातात, शिवाय त्यांचा वास एसीतून लेकरांच्या नाकात. आवाजाचं अल्ट्रासॉनिक यंत्र लोक हौसेने लावतात. तो आवाज इंजिनच्या आडोशापलीकडे जात नाही, उंदीर त्याला सरावतो, आणि महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी मात्र उतरते. मिरचीच्या तिखट अर्काची टेप मिळते, होंडा स्वतः अशी टेप विकते. नव्या जोडांवर ती गुंडाळायला हरकत नाही, पण हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

रात्री बोनेट उघडं ठेवून वर छोटा बल्ब लावणं हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय, आणि उंदरापुरता तो सगळ्यात चांगला. अंधार आणि बंदिस्तपणा गेला की त्याचं तिथे काम उरत नाही. बोनेटमध्ये गाडीचाच दिवा असेल तर तो काढून ठेवा, नाहीतर रात्रभर जळून बॅटरी उतरते.

जाळी लावायची तर भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, त्याहून मोठ्यातून पिटुकला उंदीर शिरतो. कोंबड्यांची षटकोनी जाळी निरुपयोगी. वायपरखालच्या हवेच्या तोंडाला गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी लावा. रेडिएटरपुढे बारीक जाळी लावू नका. कापसाचे उडणारे तंतू त्यात अडकतात आणि उन्हाळ्यात इंजिन तापतं.

या सगळ्यापेक्षा जागा बदलणं स्वस्त. कुटार, ढेप आणि पऱ्हाटी गाडीपासून १५-२० फूट लांब न्या, मधली जमीन झाडून मोकळी ठेवा. उघड्या पट्ट्यातून जायला उंदीर कचरतो, कारण वर घुबड असतं. त्या घुबडाला अपशकुनी म्हणून हाकलू नका, धामणीलाही मारू नका. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उघडली ती जिवंत. त्यांचा बंदोबस्त झाला की सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून बंद करा.

पिंजरा भिंतीला लागून ठेवा. पहिले दोन-तीन दिवस दार बांधून, आत भज्याचा तुकडा टाकून तसाच राहू द्या. नवी वस्तू दिसली की उंदीर तिला टाळतो, सवय झाली की बिनधास्त शिरतो. ब्रोमाडिओलोनचा केक वापरायचा तर बिळात खोल, कुत्र्या-कोंबड्यांच्या तोंडाला लागणार नाही असा. गाडीत विष कधीच ठेवू नका. त्याने उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस लागतात, आणि मरतो तो एसीच्या डक्टमध्ये. मग डॅशबोर्ड उतरवायची मजुरी वेगळी.

हंगाम संपल्यावर सात-आठ महिने उभ्या राहणाऱ्या हार्वेस्टरला हेच नियम, फक्त जास्त कडक. उभं करण्याआधी आतला दाणा न् दाणा काढा, बॅटरी उतरवा, दर आठवड्याला झाकणं उघडून बघा.

विम्याचं थोडक्यात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काही मिळत नाही. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, असेल तरी उंदराने केलेलं नुकसान धरलंय का, हे पॉलिसीत वाचा, काही कंपन्या ते वेगळ्या ॲड-ऑनमध्ये देतात. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. गाडी उघडायच्या आधी कंपनीला कळवा, लेंड्या, घरटं आणि दातांच्या खुणा दिसतील असे फोटो काढा, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत कापून काढलेल्या वायरी पिशवीत जपून ठेवा.