आषाढात जमलेला ऑर्केस्ट्रा : माझा अनुभव

2025 च्या एप्रिलमध्ये परदेशातल्या एका संगीत विद्यालयानं माझा अर्ज परत पाठवला. कंडक्टिंगच्या, म्हणजे हाताच्या खुणांनी ऑर्केस्ट्रा चालवण्याच्या, दोन आठवड्यांच्या वर्गासाठी मी अर्ज केला होता आणि सोबत 20 मिनिटांचा व्हिडिओ जोडला होता. घरात स्पीकरवर मोझार्टचं रेकॉर्डिंग लावून त्यापुढं मी बॅटन, म्हणजे कंडक्टरची काठी, चालवत होते. उत्तर दोन-तीन ओळींचं होतं. रेकॉर्डिंग तुमच्या हातावर चालत नाही, तुमचा हात रेकॉर्डिंगमागं चालतोय. समोर खरी माणसं वाजवत असतील आणि कॅमेरा त्यांच्या बाजूनं तुमच्या चेहऱ्यावर असेल, असं चित्रण पाठवा.

वाईट वाटलं, पण म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

मी कोल्हापुरात बारा वर्षं व्हायोलिन शिकवते. पाश्चात्त्य थिअरीच्या ग्रेड परीक्षा दिल्या, आयएमएसएलपी या संकेतस्थळावरून स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं संगीत) उतरवून घेऊन वाचायला शिकले. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रीत मुंबई गाठून एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायचा आणि दुसऱ्या रात्री परत यायचं, असं कितीदा केलं. मी नेहमी कडेची खुर्ची घ्यायची, म्हणजे कंडक्टरचा चेहरा थोडा तरी दिसायचा. हे सगळं एकट्यानं जमतं. पुढचं जमत नाही, कारण या विद्येचं वाद्य म्हणजे माणसं. कंडक्टर झुबिन मेहता 1954 मध्ये अठराव्या वर्षी व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्कींकडे शिकायला गेले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याआधी त्यांच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, 1935 मध्येच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मुलाच्या कानावर घरातच तालमी पडत होत्या. माझ्या कानावर लहानपणी काय पडायचं, याचा मी विचार केला. लग्नाच्या वराती आणि गणपतीची मिरवणूक. म्हणजे बँड.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. पण क्लॅरोनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, युफोनियम ही सगळी खरी ऑर्केस्ट्रा-बँडची वाद्यं या शहरात रोज वाजतात, आणि वाजवणारे पिढीजात आहेत. मी एका जुन्या बँडच्या मास्तरांना भेटले. साठीच्या पुढचे, क्लॅरोनेट वाजवणारे. मी त्यांना मामा म्हणते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "सुपारी कुठल्या तारखेची?" मी म्हटलं, सुपारी नाही, शिकायचंय. ते म्हणाले, "मग आखाडात या. तवा आम्ही रिकामं असतोय."

हिशेब अगदी चोख होता. आषाढी एकादशी 6 जुलैला, तिथून चातुर्मास, लग्नं बंद. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, आणि तिच्या आधीचा आठवडा त्यांच्या स्वतःच्या तयारीचा. हातात सहा आठवडे. पेठेतल्या एका तालमीचा वरचा हॉल संध्याकाळी मिळाला. खाली पोरं जोर-बैठका काढायची, वर आम्ही. चार क्लॅरोनेट, तीन ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन, दोन युफोनियम, एक साइड ड्रम, माझे सहा व्हायोलिनचे विद्यार्थी आणि सांगलीहून येणारा एक चेलोवाला. एकूण एकोणीस. व्हिओला एकही नाही. येण्याजाण्याचा खर्च आणि थोडं मानधन मी शिकवणीच्या पैशातून दिलं.

पहिली अडचण कागदाची. बँडवाले पाच ओळींची नोटेशन वाचत नाहीत, सरगम वाचतात. त्यामुळं प्रत्येक पार्ट दोनदा लिहिला : व्हायोलिनला म्यूझस्कोर या संगणक प्रोग्रॅमवर त्या पाच ओळींत, बँडला भातखंडे पद्धतीनं, मात्रांचे रकाने आखून. त्यात वाद्यांच्या पट्टीची भानगड. बी फ्लॅट क्लॅरोनेटवर लिहिलेला सी वाजवला की प्रत्यक्षात बी फ्लॅट ऐकू येतो. पेटीच्या भाषेत, त्यांची पांढरी एक म्हणजे आपली काळी पाच. ट्रम्पेटचं तेच. आल्टो सॅक्सोफोनची पांढरी एक म्हणजे काळी दोन. मी षड्ज (सा) काळी पाचवर ठेवला, म्हणजे क्लॅरोनेट-ट्रम्पेटच्या बोटांना सोपं जावं. अर्जासाठी मोझार्टच्या एका सेरेनेडचा भाग हवाच होता, तो मी त्यांच्यासाठी बांधून घेतला. पण उरलेली नऊ मिनिटं माझ्या स्वतःच्या रचनेची. राग भूप, झपताल.

भूप निवडला तो सोपा म्हणून : पाच स्वर, सगळे शुद्ध, पितळी वाद्यांना मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) जमत नाही तरी निभावेल. इथंच मी सगळ्यात जास्त अडकले, म्हणून सविस्तर सांगते. पाश्चात्त्य हार्मनीत वाक्य संपवायचं तर पंचमाचा (प) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन स्वर, आणि मग षड्जाचा. पंचमाचा कॉर्ड म्हणजे प-नी-रे. भूपात नी नाहीच. मी पहिल्या खर्ड्यात नी हळूच खालच्या आवाजात घातला. देवल क्लबात, म्हणजे कोल्हापूरच्या जुन्या संगीत संस्थेत, गाणं ऐकत मोठ्या झालेल्या माझ्या एका मावशींना तो ऐकवला. त्यांनी तिसऱ्याच ओळीला हात वर केला. "हा शुद्ध कल्याण व्हायला लागला." म्हणजे दुसराच राग. बरं, नी काढला आणि त्याऐवजी ध-सा-ग हा कॉर्ड वापरला, तर धैवत (ध) जड झाला. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच. धैवतावर वजन आलं की राग देसकाराकडे सरकतो. त्यातच षड्ज काळी पाच असल्यामुळं व्हायोलिनची सगळ्यात खालची मोकळी तार नेमकी धैवताची, आणि मोकळी तार घुमते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात भूपाचा देसकार करणं मला परवडणार नव्हतं.

शेवटी कॉर्डच टाकून दिले. युफोनियम आणि चेलोवर सा-प चा भरणा, वर क्लॅरोनेटची ओळ, आणि तीच ओळ एक आवर्तन (तालाचा एक फेरा) उशिरा व्हायोलिनवर. गंधाराला (ग) विसावा. व्हायोलिनला खालचा मोकळा धैवत बंद. असं लिहिल्यावर भूप राहिला आणि आवाजही भरला. यासाठी दोन आठवडे गेले, पण रचनाकार म्हणून मी जे काही शिकले ते त्या दोन आठवड्यांत.

पहिल्या तालमीला काहीच सुरू होईना. मी हात खाली आणायचे आणि एकोणीस जण एकोणीस ठिकाणी यायचे. तिसऱ्या दिवशी मामा वाद्य मांडीवर ठेवून म्हणाले, "ताई, तुम्ही श्वासच घेत न्हाईसा. आम्ही फुंकायचं कवा?"

मी व्हायोलिनवाली. गज चालवायला श्वास लागत नाही, उलट मी तो रोखून धरते, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं की सुरुवातीच्या आधीचा, वर जाणारा ठोका महत्त्वाचा, त्यातच लय, जोर आणि उच्चार सांगायचा असतो. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीत तर पहिल्या स्वराआधी अर्ध्या मात्रेची शांतता लिहिलेली आहे. सगळ्यांनी त्या शांततेनंतर एकदम सुटायचं, म्हणजे सगळी भिस्त त्या आधीच्या हालचालीवर. आरशासमोर मी ते शेकडो वेळा केलं होतं. आरसा फुंकत नसल्यामुळं चूक कळली नाही. त्या दिवसापासून मी हात वर नेताना नाकानं मोठ्यानं श्वास घ्यायला लागले. तो आधीचा ठोका म्हणजे मुखडा, समेकडे (तालाच्या पहिल्या मात्रेकडे) नेणारा तुकडा आहे, असंही मामांच्या लोकांना सांगितलं. मुखडा ऐकून समेवर येणं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र सुटले.

झपतालासाठी दहा मात्रांचे दोन तुकडे केले, पाच-पाचचे, आत दोन-तीन. समेला पूर्ण हात खाली. सहाव्या मात्रेला 'खाली' आहे, म्हणजे तालातली टाळी न देण्याची जागा, तिथं हात लहान ठेवायचा आणि डावा तळवा उघडा करायचा, जसं आपण हातानं ताल देताना खाली दाखवतो. मी वाचलेल्या कुठल्याही पाश्चात्त्य पुस्तकात ही खूण नाही. साइड ड्रमवाल्याला ती क्षणात कळली, त्यानं तिथं आपसूक काठ्या हलक्या केल्या. डावा हात उजव्याची नक्कल करतो, हा माझा जुना दोष. तो घालवायला घरी डाव्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या धरून उजव्यानं ताल देत बसायची.

पावसानं रोज छळलं. व्हायोलिनच्या खुंट्या फुगून घट्ट बसायच्या, पुलाला पाणी लागलं की चेलोवाला यायचा नाही. मोझार्टचं मी थोडक्यात सांगते : तो ठीक झाला, ट्रम्पेट जरा जोरात.

चित्रण ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी. माझ्या मनात होतं केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं आमचं पॅलेस थिएटर, जिथं मी पहिल्यांदा स्टेजवर व्हायोलिन वाजवलं. ते 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. चित्रणाच्या दोन दिवस आधी त्याला बरोबर वर्ष झालं. त्या दिवशी तालमीत कुणी तो विषय काढला नाही, पण सुरुवातीला मामांनी न सांगता क्लॅरोनेटवर नांदीची एक ओळ वाजवली आणि सगळे उभे राहिले. चित्रण मग दसरा चौकात शाहू स्मारक भवनात केलं. कॅमेरा युफोनियमवाल्यांच्या मागं, उंच स्टँडवर. एक सलग टेक हवा होता, तिसरा बरा आला. त्यात सातव्या मिनिटाला व्हायोलिन एक मात्रा पुढं पळालेत आणि मी त्यांना दोन आवर्तनांत परत आणलंय. तो भाग काढायचा की नाही यावर घरी वाद झाला. मी ठेवला, कारण तिथंच मी खरं काम करताना दिसते.

उत्तर ऑक्टोबरात आलं. प्रवेश मिळाला, बसून बघणाऱ्यांत नाही, प्रत्यक्ष कंडक्ट करणाऱ्यांत. डाव्या हाताबद्दलची टिप्पणी आहेच. उघड्या तळव्याच्या खुणेचा अर्थ काय, असंही विचारलंय. मी तालातल्या 'खाली'बद्दल दोन पानं लिहून पाठवली.

फेब्रुवारीत जायचंय. तेव्हा लग्नसराई असेल, त्यामुळं स्टेशनवर सोडायला व्हायोलिनवालेच येतील. मामांनी पुढच्या आखाडासाठी रूपक तालात काहीतरी लिहा म्हणून सांगितलंय. रूपकात समेवरच 'खाली' असते. तिथं हात खाली आणायचा की बाजूला न्यायचा, हे आमचं फोनवर अजून ठरत नाहीये.