मँगनीजची तूट: माझा एम.टेक.चा अनुभव

काट्यावर आकडा आला २९.१०. चिमट्यानं बटण, म्हणजे वितळवून केलेली धातूची गोळी, उचललं, काटा शून्यावर आणला, परत ठेवलं. २९.१०. पाच धातू मिळून मी बरोब्बर ३० ग्रॅम टाकले होते, मग मधले नऊशे मिलिग्रॅम गेले कुठं? लॅबमधले काका म्हणाले, "सांडवलं असशील." पण सांडायला जागाच नव्हती. भट्टी बंद होती, आत आर्गॉन हा निष्क्रिय वायू होता आणि एकेक तुकडा मी स्वतः तांब्याच्या वाटीत रचला होता.

ही तिसऱ्या सेमिस्टरची, ऑगस्टमधली गोष्ट. दोन वर्षं नागपुरात राहून काय केलं असं गावात कोणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच, की त्या नऊशे मिलिग्रॅमच्या मागे लागले होते.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात. चिखला, डोंगरी बुजुर्ग हा सगळा मँगनीजच्या खाणींचा पट्टा. बाबा ठेकेदाराकडे खाणीत कामाला होते आणि घरचं दीड एकर धान. बाबांचे कपडे आई वेगळ्या बादलीत धुवायची, कारण ते पाणी काळंशार निघायचं आणि त्यात दुसरं काही पडलं की ते कायमचं गेलं. मँगनीजशी माझी ओळख ही अशी, बादलीतली.

गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बी.ई. मेकॅनिकलची, म्हणून पहिल्या वर्षी मेकॅनिकलचाच पेपर दिला आणि आपटले. दुसऱ्या वर्षी मेटलर्जीचा दिला. ६५ प्रश्न, १०० मार्क, ३ तास. अंदाजानं उत्तरं ठोकायची सवय सोडली, एवढाच काय तो फरक. खरा जीव गेला तो कागदांपायी. सेतू केंद्रातून नॉन-क्रीमीलेअर काढून आणलं, ते राज्याच्या नमुन्यात निघालं आणि प्रवेशाला केंद्राचा नमुना लागत होता. दोन्ही कागद दिसायला सारखेच. पडताळणीच्या टेबलावर ते कळलं तेव्हा माझ्या हातात पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत तुमसरला चार चकरा झाल्या. जो कोणी या वाटेनं जाणार असेल त्यानं हा एक कागद आधी काढून ठेवावा, अभ्यास नंतर झाला तरी चालेल.

प्रवेश झाला, महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड सुरू झाला आणि सरांनी विषयांची यादी पुढं ठेवली. त्यातल्या एका ओळीत 'मँगनीज' हा शब्द होता. मी त्यावर बोट ठेवलं. सरांनी कारण विचारलं तेव्हा मी काहीतरी भारदस्त सांगितलं. बादलीचं नाही सांगितलं.

विषय होता हाय एन्ट्रॉपी अलॉय. नेहमीच्या मिश्रधातूत एक धातू घरमालक असतो आणि बाकीचे भाडेकरू. पोलादात लोखंड मालक, पितळेत तांबं. या नव्या घराण्यात मालक कोणीच नाही, सगळे समान वाटेकरी. २००४ साली ब्रिटनमध्ये ब्रायन कँटर आणि तैवानमध्ये जिएन-वेई येह यांनी स्वतंत्रपणे यावरचे शोधनिबंध छापले. कँटर यांच्या नावानं ओळखला जाणारा मिश्रधातू म्हणजे कोबाल्ट, क्रोमियम, लोखंड, मँगनीज आणि निकेल, प्रत्येकाचे अणू वीस टक्के. इतके वेगवेगळे धातू एकत्र केले की आत खिचडी होईल असं कोणालाही वाटेल, पण हे पाचही जण एकाच स्फटिकरचनेत गुण्यागोविंदानं बसतात. आणि बरीचशी पोलादं थंडीत ठिसूळ होतात, तर हा गडी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशाला, उलट जास्त दणकट होतो. मला नेमकं तेच करायचं होतं: असा धातू बनवायचा, नायट्रोजनमध्ये गार करून रोलिंग मिलमधून काढायचा आणि आत काय होतं ते बघायचं.

बनवायचा, हे म्हणायला सोपं. ३० ग्रॅमच्या बटणासाठी मँगनीज लागतं ५.८७८ ग्रॅम. ते पातळ पापुद्र्यांच्या रूपात बाटलीतून येतं, वरून तपकिरी काळपट. पातळ नायट्रिक आम्लात बुडवलं की चांदीसारखं निघतं आणि मग ते घाईनं वापरायचं, नाहीतर परत काळवंडतं. सगळे तुकडे तांब्याच्या वाटीत ठेवायचे. वाटीच्या खालून गार पाणी फिरतं, म्हणून ती स्वतः वितळत नाही. हवा ओढून घ्यायची, आर्गॉन भरायचा. त्याआधी शेजारच्या वाटीत टायटॅनियमचा तुकडा ठेवलेला असतो. सगळ्यात पहिले तो वितळवायचा, म्हणजे आत उरलासुरला ऑक्सिजन तो गिळून टाकतो. मग टंगस्टनच्या टोकातून ठिणगी पाडायची. काळ्या काचेतून बघितलं तर पाच धातूंचा ढीग खचतो, कडा वितळतात आणि एकदम गोल थेंब होऊन थरथरायला लागतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ठिणगी बंद करायची विसरले होते. थंड झालं की बटण उलटं करायचं आणि परत वितळवायचं. असं पाच वेळा, म्हणजे सगळीकडे सारखं मिसळतं.

पाचव्यांदा झालं की भट्टीच्या काचेवर आतून तपकिरी काजळी बसलेली असायची. ॲसिटोन लावलेल्या टिश्यूनं मी ती पुसायची आणि टिश्यू डब्यात टाकायची. मग जाऊन काट्यावर वजन करायची आणि हरवलेला धातू शोधत बसायची.

हे मी तीन वेळा केलं. तीन वेळा उत्तर हातात घेऊन डब्यात टाकलं.

सूक्ष्मदर्शकाखाली अणूंचं प्रमाण मोजलं तेव्हा मँगनीज विसाऐवजी साडेसतरा टक्के निघालं. सर म्हणाले, "उडालं." मँगनीज १२४६ अंशाला वितळतं आणि २०६१ ला उकळतं. क्रोमियम वितळायलाच १९०७ लागतात. म्हणजे क्रोमियम पाघळेपर्यंत मँगनीज उकळीला आलेलं असतं, आणि जिथं ठिणगी पडते तिथलं तापमान याच्या कितीतरी वर. हे तिन्ही आकडे माझ्या वहीत पहिल्या पानावर होते, एकाखाली एक.

त्यानंतर भट्टीचा व्हॅक्यूम पंप बंद पडला. सुटे भाग येईपर्यंत पाच आठवडे. कोणाला दोष देऊन उपयोग नव्हता, आणि तरी मी मनातल्या मनात सगळ्यांना दिला. दिवाळीला तुमसर रोडला उतरले, गाडी बदलून तिरोडीच्या फाट्याच्या गाडीनं घरी गेले. रूळ बदलताना खडखड झाली आणि मला हॅडफिल्ड आठवला. शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डनं १८८२ मध्ये बारा-तेरा टक्के मँगनीजचं पोलाद केलं. जितका मार खाईल तितकं ते वरून कडक होतं, म्हणून रुळांच्या क्रॉसिंगला आजही तेच लागतं. लहानपणापासून त्या खडखडीवरून ये-जा केली, आणि कळलं ते पंचविसाव्या वर्षी.

घरी धान निघालं होतं. बाबा खरेदी केंद्रावरून वैतागून आले होते. धानात ओल सतराच्या वर असली की घेत नाहीत, वाळवून नेलं तर घरचं वजन घटतं, आणि वर काट्यावर तुटीच्या नावानं पोत्यामागं जास्तीचं घेतात ते वेगळंच. आई चहा करत होती. बाबांनी विचारलं, "तुहं काय अडलं हाय म्हणत होती फोनवर?" मी सांगितलं. मोजून टाकते, पण भट्टीत कमी होते.

"दरवेळी तेवढंच कमी होते का?"

"जवळपास."

"मंग तूट धरूनच टाक ना बाई. आपन पोतं भरतांनी काय करतो?"

मी म्हटलं, ते एवढं सोपं नाही बाबा. मग रात्री खाटेवर पडल्या पडल्या फोनवर डाउनलोड करून ठेवलेले जुने पेपर उघडले. प्रयोगपद्धतीच्या परिच्छेदात एक ओळ होती: बाष्पीभवनाची भरपाई म्हणून मँगनीज किंचित जास्त घेतलं. मी तो पेपर दोनदा वाचला होता. ती ओळ दोन्ही वेळा डोळ्यांखालून गेली होती.

येताना बाबांसाठी मँगनीजचा एक पापुद्रा कागदात गुंडाळून आणला होता, तो द्यायचाच राहिला होता. निघायच्या सकाळी दिला. आयुष्य खाणीत गेलं, पण दगडातून काढलेला धातू त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. इथलं खनिज ट्रकांत आणि वॅगनींत भरून जातं, पुढचं पुढं. त्यांनी बोटांनी वाकवून पाहिला. काचेसारखा कट्कन तुटला. "एवढंच?" म्हणाले. शुद्ध मँगनीज असंच ठिसूळ असतं, एकट्यानं कामाचं नाही.

पंप दुरुस्त झाल्यावर नुसती तूट धरून चालणार नव्हतं. सरांचं म्हणणं, आधी गळती कमी कर, मग भरपाई. ते बरोबरच होतं, कारण पंधरा टक्के उडत असेल तर दरवेळी पंधराच उडेल याची खात्री कोण देणार? मग मँगनीज सगळ्यात खाली ठेवून वर बाकीचे रचले, ठिणगी आधी क्रोमियमवर पाडली, करंट कमी ठेवला आणि आर्गॉनचा दाब वाढवला. जास्तीचं काही न टाकता चार बटणं केली आणि चारही वेळा तूट पाच टक्क्यांच्या आसपास आली. पाचव्या बटणाला २९४ मिलिग्रॅम मँगनीज वरचं टाकलं. काट्यावर ३० ला अगदी थोडं कमी, आणि मोजणीत मँगनीज १९.८ टक्के. काकांनी स्वतः येऊन आकडा पाहिला.

पुढचं सगळं कष्टाचं, पण सरळ होतं. क्वार्ट्झच्या नळीत बंद करून ११०० अंशाला भाजणं, रोलिंग, पॉलिशिंग. हा धातू मऊ, त्यामुळे २२० पासून २००० नंबरच्या कागदापर्यंत घासत जावं आणि शेवटच्या कापडावर एक ओरखडा दिसावा, की परत मागे. द्रवरूप नायट्रोजनची मात्र मला भीती वाटली नाही. हॉस्टेलच्या मुली लांब उभ्या राहायच्या. आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात गाईंच्या रेतनासाठी तो धूर निघणारा डबा मी शाळेत असल्यापासून पाहत होते. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तो इतका भराभर उडायचा की तिथंही मी तूट धरायला लागले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला: "पाच टक्के कशावरून?" मी चार बटणांचा तक्ता दाखवला. त्यांनी मान हलवली.

जूनमध्ये एक बटण घरी आणलं. बाबांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक काढून आणलं आणि त्याला लावलं. चिकटलं नाही. उलटं करून लावलं, तरी नाही. यात लोखंड हाय, निकेल हाय, कोबाल्ट हाय, मी सांगत होते. एकेकटे ते चिकटतात, असे मिसळले की नेहमीच्या तापमानाला चिकटत नाहीत. बाबांनी चुंबक शेजारच्या विळ्याला लावून खात्री केली आणि बटण आईकडे दिलं.

आई म्हणाली, "दोन वर्षं झाले, आन् लोखंड बी नाही झालं."