चट्टा कुष्ठाचा नव्हता, पण आजार थांबलेलाही नव्हता

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आशाताईंनी १४ वर्षांची मुलगी संशयित कुष्ठरोगी म्हणून पाठवली. उजव्या हाताला कोपराखाली तळव्याएवढा फिकट चट्टा. सोबतच्या आजीचा पहिला प्रश्न, "डॉक्टरसाहेब, पोरीले महारोग तं नाही झाला नं?"

कापसाचा स्पर्श, टोचणी, सगळं तिला नीट कळत होतं. कोपरामागची अल्नर नसही जाड लागली नाही. कुष्ठात चट्टा बधिर होतो, नस जाडावते; इथे दोन्ही नव्हतं. पण चट्ट्याची कातडी कडक, चकचकीत, लव झडलेली. माझा संशय मॉर्फियाचा: प्रतिकारशक्तीच बिथरून त्वचा घट्ट करणारा आजार.

तो अजून चालू आहे की थंडावला, यावर औषध ठरतं. चालू चट्ट्याची जांभळट कडा सावळ्या कातडीवर सहज दिसत नाही. म्हणून सोनोग्राफी.

जिल्ह्याच्या सेंटरवर १८ मेगाहर्ट्झचा लिनिअर प्रोब, म्हणजे वरवरच्या थरांचं बारीक चित्र देणारा सोनोग्राफीचा दांडा, होता. खोलवर पाहणारा पोटाचा प्रोब इथे निरुपयोगी. मुलगी उन्हातून आली होती, तिला आधी २० मिनिटं बसवलं. उन्हाने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, एसीच्या गारठ्याने घटतो. मग जेलचा जाड थर लावून प्रोब त्यावर अलगद धरला. दाबला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारं चित्र, कोरा येतो. तिरपा झाला की चांगली त्वचाही पडद्यावर काळी दिसते. मंद प्रवाहही टिपला जावा म्हणून डॉप्लरची पीआरएफ आणि वॉल फिल्टर ही सेटिंग अगदी कमी ठेवली.

डाव्या, चांगल्या हातावर त्याच जागी डर्मिस, म्हणजे त्वचेचा आतला जाड थर, १.१ मिमी. उजवीकडे चट्ट्याच्या कडेला १.८ आणि पडद्यावर काळपट. खालची चरबी उलट पांढुरकी, रक्तप्रवाह वाढलेला. मध्यभागी ०.८, प्रवाह नाही. मधला भाग थंडावलेला, कडेने आजार पसरत होता. ४ मिमीची पंच बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी त्वचेचा छोटा गोल तुकडा, त्या कडेतूनच घेतली. मधून घेतली असती तर जुना घट्टपणाच हाती लागला असता. अहवाल मॉर्फियाचाच आला.

रक्त आणि यकृताच्या तपासण्या करून मेथोट्रेक्सेट, म्हणजे बिथरलेली प्रतिकारशक्ती आवरणारं औषध, सुरू केलं, आठवड्यातून एकदाच. ही गोळी रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. म्हणून गोळीचा दिवस गावच्या बाजाराचा ठरवला. तो आजी चुकवणार नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तोच प्रोब, तीच सेटिंग, कोपराच्या घडीपासून मोजून तीच जागा. तेव्हा नुसत्या जाडीवर विसंबायचं नाही: आजार उतरताना डर्मिस पातळ होतं, तसं त्वचा झिजतानाही होतं. कडेचा प्रवाह आणि डाव्या हाताशी तुलना पाहूनच डोस ठरवायचा.