घाटाखालचं गॅरेज : आमची वाटचाल

मे महिन्यातल्या रविवारी संध्याकाळचे पाच वाजले की आमच्या गॅरेजात वास यायला लागतो. ब्रेकच्या जळक्या लायनरचा. पाचगणीहून पसरणी घाट उतरलेल्या गाड्या वाईत शिरताना तो वास सोबत आणतात आणि त्यातली एखादी आमच्या दारात थांबते. चालवणाऱ्याचा चेहरा उतरलेला, मागच्या सीटवर आजी डोळे मिटून बसलेल्या. "दादा, ब्रेकच लागेना हो!"

पुढच्या चाकातून धूर निघत असतो आणि कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन वाकलेलं असतं. पहिलं काम म्हणजे ती बाटली काढून घ्यायची. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते, कधी तडकतेही. मग मी एकच गोष्ट विचारतो : पेडल टणक लागत होतं, की पाय खाली बसत होता?

टणक लागत असूनही गाडी थांबत नसेल, तर डिस्कला आवळून धरणारे ब्रेकचे पॅड इतके तापलेत की त्यांची पकड सुटलीय. चहा प्या, अर्धा तास थांबा. गार झाल्यावर चाक काढून बघतो. पॅड जळून कडक झाले नसतील, डिस्क सरळ असेल, तर गाडी घेऊन जा. पाय खाली बसत असेल तर मात्र गाडी सोडत नाही. त्याचा अर्थ ब्रेक ऑइल उकळलंय आणि नळीत वाफेचे बुडबुडे झालेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल २३० अंशांपर्यंत टिकतं, पण मुरलेल्या पाण्यानं तेच १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. सपाटीला हे वर्षानुवर्षं कळत नाही, घाटात एका उतारात कळतं. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदला असं आम्ही सांगतो, गाडी कितीही कमी फिरलेली असली तरी.

उन्हाळ्यात अशा थांबलेल्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त गाड्यांना काहीच लागत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यांना वाईट सवय लागलेली असते एवढंच : घाट उतरताना टॉप गिअर, नाहीतर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल, आणि अख्ख्या १२-१३ किलोमीटरात ब्रेकवर पाय. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, एवढं सांगून पाठवतो. त्या वेळी चारी चाकांचे पॅड-लायनर आणि दोन डिस्क बदलल्या तरी कुणी हूं की चूं करणार नाही. घाबरलेलं गिऱ्हाईक भाव करत नाही. आमच्या धंद्यात खरा-खोटा माणूस तिथंच कळतो.

मी हे काम पुण्यात नाना पेठेत शिकलो, चार वर्षं. माझे उस्ताद हाताचे फार साफ, पण ड्रम उघडला की तोंडानं फुंकर मारून धूळ उडवायचे. तेव्हाच्या लायनरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आज माझ्याकडे कुणी ड्रमवर एअर मारताना दिसला तर मी दुकानभर ओरडतो. आधी ओलं करायचं, मग पुसायचं.

१९९८ साली वाईला परत आलो. अण्णांनी त्या वर्षीच्या हळदीचे पैसे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "बुडालास तर शेत आहेच." पत्र्याची शेड, एक जॅक, गाडी टेकवायच्या दोन घोड्या, उधारीचं वेल्डिंग मशीन. मारुती ८००, ओम्नी, पाचगणीच्या टॅक्स्या, थंडीत स्ट्रॉबेरी भरून उतरणारे पिकअप. तेव्हा मी सगळंच करायचो, इंजिनसुद्धा. फक्त ब्रेक आणि सायलेन्सर करायचं नंतर ठरलं, आणि त्यामागे एक चूक आहे. ती मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोऱ्याला सांगतो, तर इथं लपवून काय उपयोग?

२००३ चा पावसाळा होता. शेजारच्या गावातले एक निवृत्त गुरुजी गाडीची साधी सर्व्हिसिंग करायला आले. ब्रेक ऑइल थोडं कमी होतं. मी म्हणालो, "टाक रे थोडं." पोऱ्यानं फळीवरची पाण्याची बाटली उचलली, जिच्यात उरलेलं तेल ओतून ठेवलेलं होतं, आणि टाकीत रिकामी केली. ते ब्रेक ऑइल नव्हतं. पॉवर स्टिअरिंगचं होतं. बाटलीवर नाव नाही, गाव नाही, रंग थोडा लालसर. मी बघितलंही नाही.

चौथ्या दिवशी गुरुजींची गाडी सुरूर फाट्याजवळ जागच्या जागी अडकली. चाकं फिरेनात. मी जाऊन मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप, उघडला तेव्हा आतलं रबर बोटात घेऊन बघितलं : फुगून मऊ झालेलं, भिजवलेल्या मनुक्यासारखं. खनिज तेल लागलं की ब्रेकच्या रबराचं असं होतं. तेल परत येण्याचं बारीक भोक त्या रबरानं झाकलं होतं, म्हणून ब्रेक लागलेलेच राहिले. नशीब, अडकले. सुटले असते तर?

मास्टर सिलिंडर, चारी चाकांची रबरं, होज पाइप सगळं बदललं, नळ्या धुतल्या, पैसे घेतले नाहीत. गुरुजींना खरं काय झालं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यानं जास्तच लागलं. फक्त म्हणाले, "बाळ, पुढच्या वेळी डबा माझ्यासमोर उघड."

त्या दिवसापासून आमच्याकडे सुटं ब्रेक ऑइल नाही. अर्ध्या लिटरचा सीलबंद डबा गिऱ्हाइकासमोर फोडायचा, उरलेलं त्याच्या डिकीत नाही आणि आमच्या फळीवरही नाही. अर्धा उरलेला डबा टाकून देताना अजूनही जीव खालीवर होतो, पण टाकतो. आणि ब्रेक-सायलेन्सर सोडून बाकीची कामं हळूहळू कमी करत गेलो, कारण एकाच माणसानं इंजिनचं तेल आणि ब्रेकचं तेल एकाच हातानं हाताळू नये असं मला वाटायला लागलं.

जुना पार्ट परत द्यायची पद्धतही तेव्हाच सुरू झाली. काढलेले पॅड नव्या पॅडच्या खोक्यात घालून सीटखाली ठेवतो. बदलायच्या आधी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावून गिऱ्हाइकाला वाचायला सांगतो. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. समजा नवी १७ मिलिमीटरची आणि वर १५ कोरलेलं, आणि माप आलं १६.२, तर डिस्क बदलायची नाही, कुणी काहीही सांगो. पॅडचं मटेरियल तीन मिलिमीटरवर आलं की बदलायचं. सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना खर्र आवाज येतो तो बहुतेक वेळा रात्रीच्या गंजाचा असतो, दोन ब्रेकात जातो. रोजचा बारीक किर्र आवाज आला तर मात्र या. पॅड संपत आला की डिस्कला घासून ओरडावं म्हणून एक पत्रा बसवलेला असतो, तो ओरडतोय.

याचा तोटा झाला नाही असं नाही. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचं काम हातचं गेलं. ड्रायव्हर यायचे, "शेठ, बिल जरा वाढवून लावा, वरचे माझे." मी नाही म्हणालो की गाडी पुढच्या आठवड्यात दुसरीकडे. दोन वर्षं शेडचं भाडं काढायची मारामार होती. आमच्या सौ. तेव्हा हिशेब बघायला लागल्या आणि त्यांनी जॉब कार्डावर एक रकाना वाढवला : 'लागत नाही'. काय बघितलं आणि काय बदलायची गरज नाही, ते त्यात लिहायचं. सुरुवातीला मला ते खुळचटपणाचं वाटलं. आता लोक तेच कार्ड घेऊन पुण्यातल्या भावाला दाखवतात आणि पुढच्या मे महिन्यात भाऊ येतो.

सायलेन्सरचं काम वेगळंच. ब्रेकचं लोक घाबरून करतात, सायलेन्सरचं लाजेखातर, आवाज होतो म्हणून. सायलेन्सर बाहेरच्या पावसानं सडतो असं सगळ्यांना वाटतं. आमच्याकडे पाऊस दांडगा, ते खरं. पण तो सडतो आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपानं निघतं. लांबच्या प्रवासात पाइप तापतो आणि वाफ बाहेर पडते. घर ते बँक, बँक ते मंडई अशी दोन किलोमीटर फिरणारी गाडी कधी तापतच नाही, पाणी मफलरमध्येच, म्हणजे सायलेन्सरच्या डब्यातच, साचतं. ते गळून जावं म्हणून कंपनी काही मफलरांना खालून सुईएवढं भोक ठेवते. एक गिऱ्हाईक आमच्याकडे आलं, त्यांना दुसऱ्या कुठल्या गॅरेजात 'सायलेन्सर लीक आहे' म्हणून तेच भोक वेल्डिंग करून दिलं होतं, पैसे घेऊन. वर्षभरात मफलरची खालची बाजू पापडासारखी झाली.

गळती पुढच्या बाजूला, इंजिनजवळच्या गॅस्केटला असेल तर ती आवाजापुरती समजू नका. काच लावून, एसी चालू करून बसलेल्या माणसाला कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. आधी नुसतं डोकं दुखतं, पण पुढे जिवावरही बेततं.

आणि कॅट कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. त्या डब्यातल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून भंगारवाले आमच्याकडेही येऊन गेले : "जुने कॅट द्या, रोख देतो." काही ठिकाणी गिऱ्हाइकाला न सांगता चांगला कॅट काढून तिथं नुसती नळी जोडतात. वरून काहीच दिसत नाही. पीयूसीला गाडी अडकते किंवा इंजिनचा दिवा लागतो तेव्हा कळतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांत, म्हणजे प्रदूषणाच्या कडक नियमाच्या गाड्यांत, हे लपतही नाही. त्यामुळे सायलेन्सरच्या कामाला गाडी कुठेही टाका, आमच्याकडे टाकली तरी, आधी गाडीखाली मोबाइल धरून एक फोटो काढून ठेवा. मला राग येणार नाही.

बीएस ६ डिझेलवाल्यांचं दुखणं डीपीएफचं, म्हणजे धुराच्या गाळणीचं. तो काजळी धरतो आणि हायवेच्या वेगावर तापून ती जाळतो. गावातल्या गावात फिरलात की भरतो. दिवा लागला तर आधी साताऱ्यापर्यंत एकसारख्या वेगात जाऊन या, मग माझ्याकडे या. कापून काढून द्या म्हणणारे येतात. ते काम करत नाही.

२०१९ नंतर प्रत्येक नव्या कारला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आलं आणि मला तिचा बिघाड वाचायला स्कॅनर घ्यावा लागला. पुतण्या आयटीआय करून आला होता, तो ते बघतो. मी अजून पेडलवर पाय ठेवून सांगतो आणि बहुतेक वेळा आमचं दोघांचं जुळतं. नाही जुळलं तर चाक पुन्हा उघडतो. टाळेबंदीत दोन महिने शटर खाली होतं. उघडलं तेव्हा रांगेनं हँडब्रेक चिकटलेल्या गाड्या. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी ठेवणार असाल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढू नका.

आज आम्ही चौघं आहोत, दोन लिफ्ट आहेत. एअर ब्रेक करत नाही, ट्रक-बसवाल्यांना साताऱ्याचा पत्ता देतो. नवे पॅड टाकल्यावर गाडी आम्ही स्वतः पसरणीच्या पहिल्या वळणापर्यंत नेऊन आणतो, शेजारी तुम्ही बसायचं. पुढचे २००-३०० किलोमीटर जोरात ब्रेक मारायचे नाहीत.

गुरुजी आता गाडी चालवत नाहीत. त्यांची सून आणते. डबा तीच फोडते.

सोमवारी बंद. मे महिन्यात सोमवारीही चालू, पण साधं काम असेल तर सकाळीच या. चारनंतर घाटावरून उतरलेल्यांची रांग असते आणि चहाचे कपही पुरत नाहीत.