तुम्ही विचारलंत म्हणून: फोक्सवॅगन व्हर्टसला मोठे ब्रेक लावावेत का?

पीथमपूरच्या एका कारखान्यात माझी नोकरी ब्रेकच्या विभागात झाली, हे इंदूरच्या लोकमान्यनगरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे लग्नकार्यातही कुणाचा तरी मुलगा शेजारी खुर्ची ओढतो. "काका, व्हर्टस जीटी घेतलीय. इंजिन दीडशे पीएसचं आणि मागे ड्रम! मागे डिस्क आणि पुढे मोठे कॅलिपर लावून घेऊ का?" किटचा भाव त्याने आधीच काढलेला असतो. माझ्याकडून नुसता होकार हवा असतो. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, कॅलिपर म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटा काढणारा भाग.)

मी उलट विचारतो: जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं का? थरथरत असेल तर ते एबीएसचं, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं काम. म्हणजे चाक जाम करण्याइतकी ताकद ब्रेकमध्ये आहेच, कमी पडतेय ती टायरची पकड. अशा गाडीला सहा पिस्टनचे कॅलिपर लावले तरी पहिल्या दणक्यात ती जिथे थांबायची तिथेच थांबणार. त्याच पैशात चांगले टायर आले असते, पण टायर मित्रांना दाखवता येत नाहीत ना!

मग मोठे ब्रेक असतात कशाला? उष्णतेसाठी. तेराशे किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली की सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा, बहुतेक सगळी, पॅड आणि डिस्कमध्ये उतरते. तेवढ्या ऊर्जेत दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल. वेग 140 असेल तर जवळजवळ दुप्पट. हे एकदा झालं तर कंपनीचे ब्रेक सहज निभावतात. पण माळव्याचं पठार सोडून निमाडात उतरताना हिशेब वेगळा होतो. उतार तीनशे मीटर उंचीचा धरला तर त्याच गाडीची अडतीस लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही वारा खातो, काही इंजिन, उरलेली ब्रेकच्या वाट्याला. इंजिनाच्या वाट्याला किती द्यायची हे तुमच्या हातात असतं. मानपूरपुढच्या गणेश घाटात ट्रकांचे ब्रेक फेल झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचल्यात ना? ट्रकचं वजन फार जास्त, पण निसर्गनियम तोच.

तापल्यावर ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि पायाला दोन्ही वेगळे कळतात. पेडल कडक आहे, जळका वास येतोय आणि तरी गाडी धरत नाही: पॅड तापलेत. पेडल मऊ पडून खाली जातंय: ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशाला उकळतं, पाणी मुरल्यावर हाच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. महागड्या कॅलिपरांत जुनं ऑइल घालून फिरणारे पाहिले की मला हसू येतं. डॉट 5 मात्र घालू नका. ते सिलिकॉनचं, डॉट 4 मध्ये मिसळत नाही.

ऑइलनंतर पॅड. घाट वारंवार उतरत असाल तर जास्त तापमान सोसणारे चांगले पॅड घ्या. निव्वळ शर्यतीचे नकोत, ते थंड असताना नीट धरत नाहीत आणि विजयनगर चौकात सकाळी ब्रेक थंडच असतात.

आता मागच्या ड्रमची गोष्ट. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. बहुतेक काम पुढच्या डिस्क करतात. मागे डिस्क हव्याच असतील तर कंपनीनेच दिलेली गाडी घ्यावी, ह्युंदाईच्या टर्बो व्हर्नाला त्या आहेत. बाहेरून बसवल्या तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल, एबीएस, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), हँडब्रेक सगळंच नव्याने जुळवावं लागतं. गॅरेजवाला "जुळतंय भिया" म्हणतो, पण तो ते मोजतो कशावर? पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, सगळ्यांना तोच माहीत. ब्रेकची परीक्षा होते ती वेगळ्या ट्रॅकवर, कमीजास्त पकडीच्या पृष्ठभागांवर. पुढे मोठ्या पिस्टनचे कॅलिपर लावले तरी तोल असाच बिघडतो. शिवाय पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच राहिला तर पेडल जास्त खाली जातं, आणि 16 इंची चाकात मोठी डिस्क मावेलच असं नाही.

ट्रॅकवर फेऱ्यांमागून फेऱ्या मारणाऱ्याला मी मोठं किट घे म्हणेन, तेही त्याच गाडीसाठी पूर्ण जुळवून बनवलेलं. विमा कंपनीला मात्र आधी लेखी कळवायचं.

बाकीच्यांनी नवे पॅड बसवले की सुपर कॉरिडॉरवर पहाटे, मागे कुणी नाही बघून, ताशी साठवरून दहापर्यंत वेग पुन्हा पुन्हा उतरवायचा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं गार होऊ देत. पॅड डिस्कवर बसतात. आणि घाटात डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गियरबॉक्स, मॅन्युअलवर घेऊन खालचा गियर टाकायचा, म्हणजे इंजिनच गाडी रोखतं. याला पैसे पडत नाहीत.