पाव इंची सोलेनॉइड मागण्याआधी

भोसरी, चाकण किंवा रांजणगाव, कारखाना कुठलाही असो. व्हॉल्व्ह बिघडला की स्टोअरमधून निघणारी चिठ्ठी बहुधा एवढीच असते: 'पाव इंची सोलेनॉइड, २३० व्होल्ट, एक नग.' सोलेनॉइड म्हणजे विजेच्या चुंबकानं उघडणारा व्हॉल्व्ह. पाव इंच हे नुसतं त्याच्या आट्यांचं माप झालं. डायरेक्ट ॲक्टिंग व्हॉल्व्हमध्ये महत्त्वाचं माप असतं ते आतल्या भोकाचं, म्हणजे ऑरिफिसचं. एकाच पाव इंची बॉडीत दीड मिमीचं भोक मिळतं आणि सहा मिमीचंही, आणि हे दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

या व्हॉल्व्हमध्ये कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, प्लंजरला (ट्यूबमध्ये वर-खाली सरकणाऱ्या लोखंडी दट्ट्याला) थेट उचलते, प्रवाहाची मदत घेत नाही. प्लंजरला सीटवर, म्हणजे भोकाच्या काठावर, दाबून धरतात ती स्प्रिंग आणि लाइनचा दाब. ३ मिमी भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिमी, म्हणून १० बारला त्यावर ७ न्यूटन जोर पडतो. हातात सातशे ग्रॅम धरल्यासारखा. भोक ६ मिमी केलं की तोच जोर २८ न्यूटन, जवळजवळ तीन किलो. शिवाय पूर्ण प्रवाह मिळायला प्लंजर भोकाच्या व्यासाच्या साधारण पाव पट उचलला जावा लागतो. म्हणजे मोठ्या भोकाला फटही मोठी लागते, आणि फट वाढली की चुंबकाची ओढ झपाट्यानं कमी होते. म्हणूनच मोठ्या भोकाच्या व्हॉल्व्हवर कमाल दाब इतका कमी लिहिलेला असतो. तो आकडा एसी आणि डीसी कॉइलसाठी वेगवेगळा असू शकतो, डीसीचा बऱ्याचदा कमी. कॉइल बदलताना हे हमखास निसटतं.

मग पायलटवाला, म्हणजे लाइनच्याच दाबानं डायफ्राम (रबरी पडदा) उचलणारा व्हॉल्व्हच का लावू नये? कारण त्याला उघडायला दोन्ही बाजूंच्या दाबात साधारण ०.३ ते ०.५ बार फरक लागतो. बर्नरला १०० मिलिबारनं येणारा पाइप गॅस, तीन मीटर उंचीवरच्या टाकीतून उतरणारं पाणी, व्हॅक्यूम लाइन, इथे तेवढा फरक मिळत नाही किंवा भरवशाचा नसतो. अशा जागी डायरेक्ट ॲक्टिंगच हवा.

प्रवाहाचा हिशेब छोटा आहे. केव्ही म्हणजे दाबात १ बार फरक असताना तासाला किती घनमीटर पाणी जातं तो आकडा. केव्ही ०.२५ असेल आणि फरक ४ बार, तर चारचं वर्गमूळ दोन, म्हणजे तासाला ०.५ घनमीटर, मिनिटाला साधारण ८ लिटर. कॅटलॉगमध्ये सीव्ही (हेच माप अमेरिकी एककांत) दिला असेल तर त्याला १.१६ नं भागावं.

आता त्या तक्रारीकडे, जिच्यात व्हॉल्व्ह बऱ्याचदा विनाकारण बदलले जातात: सकाळी उघडतो, दुपारी उघडत नाही. २४ व्होल्ट डीसी, १० वॅटची कॉइल थंड असताना ५८ ओहम दाखवते. तापमान ६० अंशांनी वाढलं की तांब्याचा रोध जवळपास पाव पटीनं वाढतो, ७१ ओहम होतो. करंट ०.४२ वरून ०.३४ अँपिअरवर येतो. ओढ करंटच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात असल्यानं ती दोन-तृतीयांशच उरते. चांगले उत्पादक कमाल दाब ठरवताना गरम कॉइल आणि १० टक्के कमी व्होल्टेज धरतात. पण पॅनेलपासून १०० मीटर लांब, ०.५ चौरस मिमीची केबल टाकली असेल तर जाऊन-येऊन ७ ओहम केबलच खाते आणि कॉइलपाशी जेमतेम २१.८ व्होल्ट पोचतात. त्यात एसएमपीएस (पॅनेलमधला डीसी पुरवठा) २३ व्होल्टवर असेल तर सूट संपलीच. एप्रिल-मेच्या पुण्यात, पत्र्याच्या शेडखाली, हे दुपारीच घडणार. व्होल्टेज मोजायचं ते पॅनेलमध्ये नाही. कॉइलच्या टोकांवर, व्हॉल्व्ह चालू आणि गरम असताना. दीड चौरस मिमीची केबल नव्या व्हॉल्व्हपेक्षा चांगला इलाज आहे.

एसी कॉइलचं दुखणं वेगळं. प्लंजर वर जाईपर्यंत ती मोठा करंट ओढते आणि प्लंजर टेकला की करंट उतरतो. कचऱ्यामुळे प्लंजर अर्ध्यात अडकला तर तो मोठा करंट तसाच चालू राहतो आणि कॉइल जळते. अशा वेळी नुसती कॉइल बदलू नये, नवीही जळेल. आधी ट्यूब उघडून प्लंजर साफ करावा. चालू एसी कॉइल ट्यूबवरून काढून बाजूला ठेवली तरी हेच होतं. व्हॉल्व्ह गुणगुणत असेल तर प्लंजरच्या टोकावर घाण आहे का, आणि ते टोक ज्या स्थिर गाभ्याला टेकतं त्यातली तांब्याची कडी शाबूत आहे का, हे पाहावं. त्या कडीशिवाय ५० हर्ट्झवर ओढ सेकंदाला शंभर वेळा शून्याला टेकते.

सीलबाबत तडजोड करू नये. कॉम्प्रेसरच्या तेलकट हवेला एनबीआर (नायट्राइल) रबर चालतं, ईपीडीएम रबर फुगतं. गरम पाण्याला उलट, ईपीडीएम योग्य. व्हायटॉन रबर तेलाला उत्तम, पण अमोनियाला आणि वाफेला नाही. नायट्रायडिंग भट्टीच्या (पोलादाचा पृष्ठभाग कठीण करणाऱ्या) अमोनियावर पितळी बॉडी तर अजिबात नको, पितळेला तडे जातात. तिथे स्टेनलेस स्टील. ऑक्सिजनसाठी व्हॉल्व्ह ग्रीस-तेलरहित करूनच मिळालेला असावा. वर्कशॉपमध्ये रॉकेलनं पुसून तो 'ऑक्सिजनचा' होत नाही.

बसवताना आधी गाळणी, साधारण १०० मायक्रॉनची. टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडावा. सीटवर सापडणारा पांढरा तुकडा तिथूनच आलेला असतो. बाण पाहूनच जोडावा, कारण उलट्या दिशेचा दाब प्लंजरला सीटवर दाबण्याऐवजी उचलू पाहतो आणि व्हॉल्व्ह गळतो. पाना बॉडीला लावावा, कॉइलला धरून फिरवू नये. ट्यूब जरा वाकली तरी प्लंजर घासतो. शक्यतो कॉइल वर ठेवावी, म्हणजे गाळ ट्यूबमध्ये साठत नाही.

जूनच्या आधी प्रत्येक कनेक्टरचा स्क्रू सोडून आतलं रबरी गास्केट जागेवर आहे का पाहून घ्यावं. ते नसेल तर आयपी ६५, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा, फक्त लेबलवर उरतो. केबल कनेक्टरमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर आणावी, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून गळून जातं.