तुम्ही विचारलंत म्हणून: नारळावरच्या कुस्त्या

"ताई, रग्बीच बघायची तर इंग्लंड-फ्रान्सची बघा ना. हे रोमानिया, पोर्तुगाल, जॉर्जिया कशाला बघत बसता?"

नेदरलँड्समधल्या अ‍ॅम्स्टलवेनला राहायला आल्यापासून हा प्रश्न माझ्या पाठीच लागलाय. गणपतीच्या पंगतीत कुणीतरी विचारतं, संक्रांतीला तिळगूळ देता देता कुणीतरी विचारतं आणि सांगलीहून भावाचा फोन आला की तो तर हमखास विचारतो. फेब्रुवारी-मार्चच्या शनिवारी मी घरी सापडत नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. इतके दिवस "आवडतं मला" एवढंच म्हणून विषय बदलत आले. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं आणि उत्तर ऐकायला खुर्ची ओढून बसल्या. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते.

माझं बालपण सांगली जिल्ह्यातलं. जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड. अण्णा मला भर दुपारीच घेऊन जायचे. हलगीवाले तेव्हा कुठे हलगी जाळावर धरून तापवत असायचे. आधी बारक्या पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर. मग नारळावर. मग दहा-वीस रुपयांवर. असं चढत चढत दिवस कलताना मोठी जोड लागायची. सगळं गाव त्या शेवटच्या कुस्तीला जमायचं. अण्णा मात्र म्हणायचे, "नारळावरचं पोरगं बघून ठेव. पुढच्या साली शंभरावर लढंल." आणि लढायचं. एका वर्षी नारळ जिंकलेला पोरगा पुढच्या वर्षी वरच्या जोडीत दिसला की मला माझंच कुणीतरी जिंकल्यासारखं वाटायचं.

युरोपातल्या रग्बीत मोठी जोड म्हणजे सिक्स नेशन्स: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि 2000 साली घेतलेला इटली. त्याच्या खाली रग्बी युरोप चॅम्पियनशिप. त्याच्याही खाली ट्रॉफी आणि त्याखाली कॉन्फरन्स. खालच्या पायऱ्यांवर जिंकलं तर वर जाता येतं, हरलं तर खाली यावं लागतं. फक्त चॅम्पियनशिपमधून सिक्स नेशन्समध्ये जायला वाटच नाही. कितीही जिंका. जॉर्जियाने 2018 ते 2025 सलग आठ वर्षं चॅम्पियनशिप जिंकली, तरी दार उघडलं नाही. 2022 च्या जुलैत त्यांनी बातुमीत इटलीला 28-19 ने हरवलं, नोव्हेंबरात थेट कार्डिफला जाऊन वेल्सला 13-12 ने हरवलं. तरी नाही.

इटलीवर माझा राग नाही. 2015 पासून सिक्स नेशन्समध्ये सलग 36 सामने हरून 19 मार्च 2022 ला त्यांनी कार्डिफमध्ये वेल्सला 22-21 ने हरवलं, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण सिक्स नेशन्स ही त्या सहा देशांच्या संघटनांची आपापसातली मालकीची स्पर्धा आहे. 2021 मध्ये तिचा सातवा हिस्सा एका गुंतवणूक कंपनीने विकत घेतला. टीव्हीचा पैसा, रोमला जाणारे प्रेक्षक, जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी किती लांब, हा सगळा हिशोब त्या दाराआड चालतो. नारळ जिंकलेल्या पोराला पुढच्या साली शंभराची जोड द्यायची नाही, हे ज्या फडात आधीच ठरलेलं असतं, तो फड मला पटत नाही. म्हणून मी दुपारच्या कुस्त्या बघायला जाते.

त्या एका हंगामाचं सांगते, 2022 च्या. काकूंनाही तेच सांगितलं.

खालच्या फळीतल्या देशांना दर चार वर्षांनी एक दार किलकिलं होतं: विश्वचषक. 2023 च्या विश्वचषकासाठी 2021 आणि 2022 या दोन हंगामांचे गुण एकत्र धरायचे होते. पहिले दोन थेट जाणार, तिसऱ्याला आणखी एक संधी. म्हणजे फेब्रुवारीतल्या एका चिखलाच्या दुपारी चुकलेला एक चेंडू देशाला चार वर्षं मागे टाकू शकतो. सुरुवातीलाच पोर्तुगालने तिबिलिसीत जाऊन जॉर्जियाशी 25-25 अशी बरोबरी केली. जॉर्जियाशी स्क्रममध्ये भिडणं म्हणजे काय, हे कुस्ती बघितलेल्या माणसाला लगेच कळतं. आठ माणसं आठांना भिडतात, खांद्याला खांदा लागतो आणि मग सगळा खेळ पायांच्या पंजांचा. कोण आधी उचलला जातो, एवढंच बघायचं. जॉर्जियाच्या संघाला ‘लेलोस’ म्हणतात, ते त्यांच्या लेलो बुर्ती या जुन्या खेळावरून. गुरिया प्रांतातल्या शुखुती गावात ईस्टरला तो अजून खेळतात. माती आणि वाइन भरलेला सुमारे 16 किलोचा चेंडू, वरची आळी विरुद्ध खालची आळी, आणि जिंकलेली आळी तो चेंडू गावातल्या एखाद्या गेलेल्या माणसाच्या कबरीवर नेऊन ठेवते. असा चेंडू ओढत वाढलेल्या गावांतून पुढे फ्रान्सच्या क्लबांना प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या ओळीतले दणकट गडी, मिळतात, यात नवल ते काय!

त्याच महिन्यात, 24 फेब्रुवारीला, रशियाने युक्रेनवर हल्ला केला. काही दिवसांतच रशियाला स्पर्धेबाहेर काढलं. रशिया आणि जॉर्जिया यांच्यात तर 2008 च्या युद्धाची जखम होतीच. त्या युद्धानंतर त्यांचे सामने तिसऱ्याच देशात खेळवायची वेळ आली होती.

13 मार्चला माद्रिदला विद्यापीठाच्या मैदानावर स्पेन विरुद्ध पोर्तुगाल होता. स्पेन 33-28 ने जिंकला. 1999 नंतर पहिल्यांदा स्पेन विश्वचषकाला जाणार होता. माझ्या ऑफिसात एक स्पॅनिश सहकारी आहे. स्वतः कॉलेजात खेळलेला, कानाची पाळी स्क्रममध्ये घासून घासून फुलकोबीसारखी झालेली. (आपल्या पैलवानांचे कान असतात ना, अगदी तसे.) सोमवारी तो लाल-पिवळा मफलर गळ्यात घालून आला आणि तो मफलर त्याने खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवला. दिवसभर येणारा-जाणारा विचारायचा आणि तो प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचा.

त्याच्या आनंदामागे 2018 होतं. त्या वर्षी स्पेनला ब्रसेल्समध्ये बेल्जियमला हरवायचं होतं, की विश्वचषक नक्की. स्पेन हरला तर रोमानियाचं भलं होणार होतं आणि सामन्याचे पंच होते रोमानियाचे. स्पेन 18-10 ने हरला. शिट्टी वाजल्यावर स्पॅनिश खेळाडू पंचांच्या मागे धावले. ते चुकीचंच होतं, आणि शिक्षाही झाल्या. पण ज्याच्या हिताचा प्रश्न आहे त्याच देशाचा पंच नेमायचा, हे आमच्या जत्रेतसुद्धा कुणी चालवून घेतलं नसतं. मग चौकशी लागली आणि निघालं वेगळंच. रोमानिया, स्पेन, बेल्जियम तिघांनीही नियमात न बसणारे खेळाडू उतरवले होते. तिघांचेही गुण कापले आणि रशिया विश्वचषकाला गेला.

आता 2022 चा एप्रिल. पुन्हा तेच. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला स्पेनचा एक प्रॉप दोन सामन्यांत खेळला होता. त्याने स्पेनमध्ये नियमाइतका काळ वास्तव्य केलं आहे, हे दाखवायला दिलेल्या पासपोर्टच्या प्रतीत फेरफार झालेला निघाला. 28 एप्रिलला निकाल आला: स्पेनचे 10 गुण कापले. स्पेन बाहेर, रोमानिया आत. त्या दिवशी दुपारी मी कॉफी आणायला गेले तेव्हा खुर्चीला मफलर नव्हता. विचारायचं धाडस झालं नाही. खोटं कागदपत्र चालवून घ्यायचं नाही, हे मला पटतं. पण मैदानात ज्या तेवीस जणांनी जीव ओतला, त्यांतल्या बहुतेकांना हे ठाऊकही नसणार. त्यांच्या वाट्याला दोनदा तीच शिक्षा आली, याचं मला अजून वाईट वाटतं.

रोमानियाला ही जागा फुकट मिळाली, असंही कुणी म्हणू नये. या देशाने 1988 मध्ये कार्डिफला वेल्सला 15-9 ने हरवलंय. त्यांचा फ्लँकर (स्क्रमच्या कडेला भिडणारा गडी) फ्लोरिका मुरारिउ सैन्यात अधिकारी होता. 1989 च्या डिसेंबरात, कम्युनिस्ट राजवट उलथवणाऱ्या क्रांतीच्या धामधुमीत, तो रस्त्यावरच्या नाक्यावर गोळी लागून गेला. त्यानंतर सैन्याचे आणि पोलिसांचे क्लब पूर्वीसारखे राहिले नाहीत आणि रोमानियाची रग्बी जी खाली आली ती आजवर सावरते आहे. जॉर्जिया आणि रोमानिया यांच्यात 2002 पासून अँटिम चषक आहे. जॉर्जियात जन्मून रोमानियन भूमीत धर्मगुरू झालेल्या आणि तिथे छापखाने चालवलेल्या संत अँटिमच्या नावाचा. दोन देशांना जोडायला एक मुद्रक संत निवडला, हे मला फार आवडतं.

तर पोर्तुगाल. स्पेन बाहेर गेल्यामुळे तिसऱ्या जागेची ती आणखी एक संधी त्यांना मिळाली: नोव्हेंबरात दुबईला चार संघ, एक जागा. 18 तारखेला शेवटचा सामना अमेरिकेशी. गुणफरक पोर्तुगालचा चांगला होता, बरोबरी पुरेशी होती. मी ऑफिसातून लवकर निघून घरी लॅपटॉपसमोर बसले. भात गॅसवर होता. अखेरच्या मिनिटाला अमेरिका 16, पोर्तुगाल 13. तेव्हा पोर्तुगालला पेनल्टी मिळाली, म्हणजे खांबांमधून चेंडू मारून तीन गुण मिळवायची संधी. सामुएल मार्केस, संघातला सगळ्यात बुटक्यांपैकी एक, चेंडू टेकवून उभा राहिला. त्याने वर खांबांकडे पाहिलं, खाली चेंडूकडे पाहिलं, आणि मारला. 16-16. भात करपला. मी तसाच खाल्ला.

याच पोर्तुगालने 2007 च्या विश्वचषकात न्यूझीलंडकडून 108-13 असा मार खाल्ला होता. राष्ट्रगीताला रडणारी ती हौशी पोरं अजून लोकांना आठवतात. 2016 मध्ये तर ते चॅम्पियनशिपमधूनही खाली घसरले. 2019 मध्ये जर्मनीला त्यांच्याच मैदानात हरवून परत वर आले. आणि 8 ऑक्टोबर 2023 ला तुलूझमध्ये फिजी. फिजीने त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं. शेवटची दोन-तीन मिनिटं उरलेली, पोर्तुगाल 17-23 ने मागे. रॉद्रिगो मार्ताने कोपऱ्याकडे झेप घेऊन ट्राय केला, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवला, पाच गुण. मग पुन्हा तोच मार्केस, ट्रायनंतरच्या किकचे वरचे दोन. 24-23. विश्वचषकातला पोर्तुगालचा पहिला विजय. संघाचा कर्णधार तोमास अ‍ॅपलटन दंतवैद्य आहे. नारळावरचं पोरगं शंभरावर लढलं ते असं. ज्या पायरीला दार होतं, तिथून ते चढत गेलं.

सगळं काही टीव्हीवरच बघते असं नाही. नेदरलँड्सचा संघ याच फळीत खेळतो आणि त्यांचं मैदान माझ्या घरापासून सायकलवर अर्ध्या तासावर, अ‍ॅम्स्टरडॅममध्ये आहे. डोक्यावरून स्किपोल विमानतळाची विमानं खाली उतरत असतात. एकच खरा स्टँड, बाकी दोरीला टेकून उभं राहायचं. इतक्या जवळ की स्क्रम भिडतो तेव्हा सोळा छात्यांतून एकदम निघालेला ‘हंफ्’ ऐकू येतो आणि अंगाची वाफ हवेत उठताना दिसते. एकदा सामना संपल्यावर एक डच खेळाडू दोरीपाशी आला. बोटांना पट्ट्या, भुवईवर ताजे टाके. त्याची लहान मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. त्याने तिच्या हातातल्या पतातच्या, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या, पुडीतून दोन फोडी उचलल्या आणि बायकोला म्हणाला, सोमवारी सकाळी साइटवर सातला पोचायचंय, गाडी तू ठेव. ते मोठ्या फरकाने हरले होते. मुलीला त्याचं काही नव्हतं. ती बापाच्या भुवईवरचे टाके मोजत होती.

काकूंनी शेवटी विचारलं, "मग त्या स्पेनवाल्याचं काय झालं?"

2027 च्या ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकाला चोवीस संघ आहेत, त्यामुळे जागा वाढल्या. 2025 च्या हंगामात जॉर्जिया, स्पेन, रोमानिया आणि पोर्तुगाल, चौघेही पात्र ठरले. स्पेनचं फेब्रुवारीतच नक्की झालं. त्या सोमवारी मी जरा लवकर ऑफिसला गेले. तो आलेला नव्हता. साडेनऊला आला, कोट काढला आणि काही न बोलता पिशवीतून मफलर काढून खुर्चीच्या पाठीला बांधायला लागला. गाठ दोनदा सोडली, दोनदा घट्ट केली. "या वेळी पासपोर्ट सगळ्यांचे तपासलेत ना?" मी विचारलं. "ऑस्ट्रेलियात पहिला सामना सुरू होईपर्यंत हा इथून काढणार नाही," तो म्हणाला.

मफलर अजून तिथेच आहे. उन्हाने एका बाजूचा लाल जरा फिका झालाय.